निरोगी माणसावर औषध तपासून काय कळतं, आणि पैशांसाठी जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय चोवीस, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू, खोलीचं भाडं दोन महिने थकलेलं. रूममेट म्हणतो, औषधांच्या चाचण्या करणाऱ्या एका सेंटरला जाऊन राहायचं, गोळी घ्यायची, रक्त द्यायचं आणि पैसे घेऊन यायचं. मला काही झालेलंच नाही तर माझ्यावर औषध तपासून त्यांना काय कळणार, आणि जावं का, असं तुम्ही विचारताय.

डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झाल्यावर मी सहा वर्षं अशाच एका सेंटरला रक्त काढायचं काम केलं. ते सोडूनही बरीच वर्षं झाली, त्यामुळे कुणाची तळी उचलायचं मला कारण नाही.

रूममेट सांगतोय ती बहुधा बीई स्टडी, म्हणजे बायोइक्विव्हॅलन्स. यात औषध नवं नसतं. मूळ कंपनीची गोळी बाजारात असते, पेटंट संपलेलं असतं, आणि दुसऱ्या कंपनीनं तेच औषध स्वस्तात बनवलेलं असतं, त्याला जेनेरिक म्हणतात. तपासायचं एवढंच की दोन्ही गोळ्यांतून औषध सारख्याच वेगानं आणि सारख्याच प्रमाणात रक्तात उतरतं का. इथे रुग्ण नकोच असतो. त्याला आधीच चार गोळ्या चालू, कुणाची किडनी मंद, कुणाचं लिव्हर सुजलेलं, आज बरं तर उद्या वाईट. त्या गलबल्यात दोन गोळ्यांमधला बारीकसा फरक ऐकूच येणार नाही. म्हणून शांत शरीर लागतं. तुमचं शरीर तिथे वजनकाट्याचं काम करतं, आणि काटा आधी शून्यावर असावा लागतो.

बरं, दोन निरोगी माणसंही सारखी नसतात. एकाचं लिव्हर औषध झपाट्यानं संपवतं, दुसऱ्याचं रेंगाळत. म्हणून प्रत्येकाला दोन्ही गोळ्या देतात. पहिल्या पिरियडला, म्हणजे फेरीला, एक, मग औषध अंगातून पूर्ण निघून जाईपर्यंत घरी, आणि दुसऱ्या पिरियडला दुसरी. मधल्या सुट्टीला वॉश-आउट म्हणतात. अशी तुमची तुलना तुमच्याशीच होते. दोन्ही गोळ्यांच्या आकड्यांचं गुणोत्तर, त्यातली अनिश्चितता धरून, ८० ते १२५ टक्क्यांच्या पट्ट्यात अख्खं बसावं लागतं. ‘जेनेरिकमध्ये वीस टक्के औषध कमी असतं’ असं व्हॉट्सॅपवर फिरतं ना, ते याच आकड्याचं चुकीचं वाचन. सरासरीत एवढा फरक पडला तर तो पट्टा ओलांडला जातो आणि गोळी नापास होते. तुमच्या घरात कुणी बीपीची किंवा शुगरची स्वस्त गोळी घेत असेल, तर तिच्या मागे बहुतेक वेळा अशी वीस-तीस निरोगी पोरं कॅन्युला, म्हणजे रक्त काढायला शिरेत बसवलेली बारीक नळी, लावून बसलेली असतात.

आता तिथे प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. आदल्या संध्याकाळी चेक-इन. बॅग तपासतात, कारण मोज्यात तंबाखूची पुडी निघतेच. दारूसाठी श्वास तपासतात, ड्रग्जसाठी लघवी. पपनस खाल्लंय का हेही विचारतात. हसू नका, ग्रेपफ्रूट आणि त्याच्या भावंडांमुळे आतड्यातलं औषध मोडणारं एन्झाइम बंद पडतं आणि काही औषधांची रक्तातली पातळी भलतीच चढते. रात्री जेवण, मग दहा तास उपाशी. सकाळी कॅन्युला. आठ वाजता पहिल्याला डोस, दोन मिनिटांनी दुसऱ्याला, असं शेवटच्यापर्यंत. पाणी मोजून २४० मिली. गोळी गिळली की टॉर्च मारून जीभ वर करायला लावतात, कारण गोळी गालात दाबून ठेवणारे महाभागही असतात. मग आमची धावपळ. वीस मिनिटांनी पहिलं रक्त, मग चाळीस, मग तासाला, प्रत्येकाचं त्याच्या त्याच्या मिनिटाला. उशीर झाला की तो कागदावर लिहायचा. ‘फेड’, म्हणजे खाऊन डोस घ्यायची, स्टडी असेल तर डोसच्या आधी लोणी, अंडी, तळलेलं, असा आठशे-हजार कॅलरीचा नाश्ता अर्ध्या तासात संपवावाच लागतो. फुकटचं खाणं म्हणून खूश झालेला माणूस पंधराव्या मिनिटाला ताटाकडे कसा बघतो ते बघण्यासारखं असतं.

एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. रंगकाम करणारा एक भाऊ नेहमी यायचा. एकदा सकाळी सहालाच कपाळ धरून बसला. “ताई, गोळी लई कडक आहे या वेळची, डोकं ठणकायलंय.” मी म्हटलं, “भाऊ, गोळी अजून दिलीच नाहीये.” आम्ही दोघं हसलो, पण डोकं खरंच दुखत होतं. चहा बंद होता. दिवसाला सहा कप पिणारा माणूस, दोन दिवस एक थेंब नाही. आता तीच डोकेदुखी सहाऐवजी दहाला, डोसनंतर, सुरू झाली असती तर? ‘औषधानं डोकेदुखी’ अशी नोंद झाली असती. म्हणूनच नव्या औषधाच्या पहिल्या चाचणीत काहींना नुसती पिठाची गोळी देतात. तीही घेऊन लोकांना डोकेदुखी, थकवा, मळमळ होते. तेवढं वजा करून जे उरतं ते औषधाचं.

निरोगी माणूस लागतो तो फक्त औषधांना असंही नाही. तुमच्या रक्ताच्या रिपोर्टवर कडेला ‘नॉर्मल रेंज’ छापलेली असते. ती ठरवायला निदान १२० निरोगी लोकांचं रक्त तपासावं असा प्रयोगशाळांचा रिवाज आहे, आणि त्यातले मधले ९५ टक्के म्हणजे नॉर्मल. म्हणजे ठणठणीत असलेल्या वीस जणांतला एक त्या रेंजच्या बाहेर पडणारच. रिपोर्टवरचा ठळक आकडा बघून रात्रभर जागणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता धोक्याचं. बीई स्टडीतली औषधं लाखो लोकांनी आधीच घेतलेली असतात, त्यामुळे तिथे भीती कमी. खरी जोखीम ‘फर्स्ट-इन-ह्यूमन’मध्ये, म्हणजे माणसाच्या शरीरात पहिल्यांदाच जाणाऱ्या औषधात. १३ मार्च २००६ ला लंडनच्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलमध्ये टीजीएन१४१२ नावाच्या औषधाची अशी चाचणी झाली. आठ निरोगी तरुण, मानधन दोन हजार पौंड. दोघांना औषध नसलेला नकली डोस, सहांना खरं औषध. माकडांना जेवढं पचलं त्याच्या पाचशेवा भाग डोस, म्हणून सगळे निर्धास्त. तासा-दीड तासात सहाही जण तडफडायला लागले, अंगातली प्रतिकारशक्ती अंगावरच उलटली, अवयव निकामी व्हायला लागले. जीव वाचले, पण एकाची हातापायाची बोटं गेली. माकडांच्या ज्या पेशींवर औषधाला धरायला खुंटीच नव्हती, माणसाच्या त्याच पेशींवर ती होती. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट डाचते. दोन डोसमध्ये जेमतेम दहा मिनिटांचं अंतर ठेवलं होतं. पहिल्याला त्रास सुरू होईपर्यंत बाकीच्यांच्या शिरेत औषध जाऊन बसलेलं. त्यानंतर नियम आला की आधी एकाला द्या, थांबा, बघा, मगच पुढच्याला.

तरी २०१६ च्या जानेवारीत फ्रान्समधल्या रेन शहरात पुन्हा चुकलंच. एका स्वयंसेवकाला संध्याकाळी हॉस्पिटलात हलवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गटातल्या बाकीच्यांना पुढचा डोस दिला गेला. तो माणूस आठवड्याभरात गेला. इतर काहींच्या मेंदूलाही इजा झाली. ‘इथे कुणाला काही झालं तर पुढचा डोस द्यायच्या आधी आम्हाला सांगणार का?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका, तो मी याच्यावरून शिकले.

जाता जाता, प्रत्येक औषध निरोगी माणसावर तपासत नाहीत. कॅन्सरची पेशी मारणारी केमो आधी रुग्णांनाच देतात. ज्याला फायदा शून्य त्याला विष कशाला पाजायचं?

आणि ‘निरोगी’ म्हणजे कोण, हेही बघा. माझ्या सहा वर्षांत बहुतेक बॅच अठरा ते पंचेचाळीसच्या पुरुषांच्या. अमेरिकेत तर १९७७ पासून १९९३ पर्यंत मूल होण्याच्या वयातल्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेर ठेवायचा सरकारी सल्लाच होता. झोपेच्या झोल्पिडेम गोळीचा बायकांसाठीचा डोस तिथे २०१३ मध्ये निम्म्यावर आणला, दहाचा पाच मिलिग्रॅम. तोपर्यंत गोळी बाजारात येऊन वीस वर्षं होऊन गेली होती.

मानसशास्त्राच्या प्रयोगांत सुई नसते, म्हणून ते निरुपद्रवी वाटतात. माझ्या मामेबहिणीच्या एम.ए.च्या प्रॅक्टिकलला मी बसले होते. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला, आणि सांगायचा शाईचा रंग. जीभ अशी अडखळते की स्वतःचीच लाज वाटते. ते मजेचं होतं. पण १९६१ मध्ये येल विद्यापीठात मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञानं साडेचार डॉलर देऊन साध्यासुध्या माणसांना बोलावलं आणि दुसऱ्या एका माणसाला विजेचे झटके द्यायला सांगितलं. झटके खोटे होते, पण बटण दाबणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. चाळिसातले सव्वीस जण ४५० व्होल्टपर्यंत गेले. घरी जाताना ती माणसं स्वतःबद्दल काय घेऊन गेली असतील? अशा प्रयोगाला जाणार असाल तर संपल्यावर खरा हेतू समजावून सांगणार ना, एवढं आधी विचारून घ्या.

आता तुमच्या भाड्याचं, म्हणजे गरजेपोटी दिलेल्या होकाराचं. हाफकिन या शास्त्रज्ञानं प्लेगची लस मुंबईत बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तिथल्या राजी झालेल्या कैद्यांना ती टोचली. लस चालली, हजारोंचे जीव वाचले. पण तुरुंगात बसलेल्या माणसाचा होकार कितपत त्याचा असतो, हा प्रश्न उरतोच, आणि म्हणून आज कैद्यांना असं घ्यायला फार कडक अटी आहेत. भाडं थकलेल्या माणसासाठी तशा अटी नाहीत. तो आपल्या पायानं येतो, सही करतो.

तिथे बिघडतं ते असं. फॉर्मवर लिहिलेलं असतं की मागची स्टडी होऊन नव्वद दिवस झाले पाहिजेत. पण आमच्या सेंटरबाहेरच्या टपरीवर एक एजंट बसायचा, त्याच्याकडे कुठल्या सेंटरला कधी बॅच लागतेय याची वही असायची, आणि तो मुलांना लागोपाठ फिरवायचा. एकदा जूनच्या उकाड्यात एक मुलगा फुल बाह्यांचा शर्ट घालून आला. बाही वर केली तर कोपरापाशी सुईचा हिरवा-पिवळा डाग, दहा दिवसांचा असावा. हिमोग्लोबिन बघितलं तर ११, म्हणजे कमीच. त्याला परत पाठवलं तेव्हा तो माझ्यावर चिडला नाही, नुसतं विचारलं, “ताई, अर्धे तरी देतील का?” आधीच्या औषधाचा अंश अंगात असताना दुसरं घेतलं तर काय होईल हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. अभ्यासाचे आकडे बिघडतात ते वेगळंच.

तुम्ही जावं का? बीई स्टडी असेल, आयुष्यात एकदा-दोनदा असेल, आणि सेंटर नोंदणी झालेलं असेल, तर मी अडवणार नाही. नवं औषध असेल तर माझ्या भावाला मी पाठवलं नसतं, तुम्ही तुमचं बघा. कन्सेंट फॉर्म, म्हणजे संमतीपत्र, मराठीतच मागा, त्याची प्रत घरी आणा, आणि पैशांचं पान नंतर बघा, आधी जोखमीचं. नव्या औषधाची चाचणी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदलेली असायलाच हवी, २००९ पासून ती सक्ती आहे. चाचणीमुळे काही झालं तर उपचार फुकट आणि भरपाई, हे २०१९ च्या नियमांत आहे. मधेच सोडायचा हक्क तुमचा आहे, कारण द्यावं लागत नाही, आणि झालेल्या दिवसांचे पैसे मिळायला हवेत. ‘अर्धवट गेलात तर एक पैसा नाही’ असं कुणी म्हणालं तर बॅग उचला. एजंटमार्फत तर जाऊच नका.

आणि जायचंच ठरलं, तर आठवडाभर आधीपासून चहा कमी करत आणा.