सिगारेट सुटली, पण खोकला वाढला

प्रश्न : सिगारेट सोडून दहा दिवस झाले. खोकला उलट वाढलाय, झोप नीट लागत नाही, पोट साफ होत नाही. निकोटिनचं च्युइंगम खाल्लं की उचकी लागते, मळमळतं. काय करावं?

उत्तर : खोकल्याने घाबरू नका. धुरामुळे मंदावलेले श्वासनलिकेतले सूक्ष्म केस पुन्हा हलू लागले की साठलेला कफ वर ढकलतात. तो निघू द्या, पाणी पीत राहा. कफात रक्त दिसलं, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर मात्र लगेच डॉक्टर गाठा.

झोपेमागचं एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. धुरातल्या रसायनांमुळे यकृत कॅफीन झपाट्याने निकालात काढतं. सिगारेट थांबली की तेवढ्याच चहा-कॉफीतलं कॅफीन रक्तात जास्त वेळ टिकतं. म्हणून चहा-कॉफी निम्म्यावर आणा, दुपारनंतर नकोच.

च्युइंगम बहुधा तुम्ही सारखं चघळताय. मग निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं आणि उचकी लागते. सावकाश चावा. जिभेला झणझणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, झणझण ओसरली की पुन्हा चावा. एक गोळी साधारण ३० मिनिटं पुरते. आधीची १५ मिनिटं आणि ती तोंडात असताना कॉफी, फळांचा रस, शीतपेय टाळा. आम्लामुळे निकोटिन नीट शोषलं जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागायची? तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २ मिलिग्रॅमची गोळी पुरे.

पोटासाठी चोथायुक्त जेवण, पाणी, रोज चालणं. काही आठवड्यांत आतडी ताळ्यावर येतात.