अलास्कातील सॅमन डबाबंदी उद्योगामुळे तिथल्या मूळ रहिवासी त्लिंगित समाजाच्या जीवनात नेमके काय बदलले?

माझ्या मते पहिला बदल मालकीचा होता, मजुरीचा नंतर आला. आग्नेय अलास्कात सॅमनचे ओढे कुळांच्या मालकीचे असत आणि परक्या कुळाला तिथे मासे धरायचे तर परवानगी घ्यावी लागे. १८७८ मध्ये क्लावॉक आणि जुने सिटका येथे पहिले कारखाने उभे राहिले, तेव्हा अमेरिकी कायद्याने ही मालकी जुमानलीच नाही. तरीही त्लिंगित माणसे या धंद्याबाहेर राहिली नाहीत. पुरुष होड्यांतून मासे आणून देत, तर स्त्रिया लांब टेबलापाशी उभ्या राहून, गार पाण्याच्या धारेखाली माशाला चिकटलेले रक्त आणि उरलेले पर सुरीने काढत. घरी याच स्त्रिया धुरी देण्यासाठी सॅमनच्या पट्ट्या टांगत.

खरी कुऱ्हाड कोसळली ती कंपन्यांच्या मोठ्या सापळ्यांमुळे, कारण नदीकडे निघालेले थवेच्या थवे त्यांत अडकत आणि स्थानिक नावाड्यांची गरजच उरत नसे. १९१२ मध्ये सिटका येथे स्थापन झालेल्या ‘अलास्का नेटिव्ह ब्रदरहुड’ या मूळ रहिवाशांच्या संघटनेने या सापळ्यांविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला, १९५९ मध्ये अलास्का राज्य झाल्यावर ते बंद झाले. हिरावलेल्या जमिनींबद्दल त्लिंगित आणि शेजारच्या हैदा या मूळ रहिवासी समाजांना १९६८ मध्ये सुमारे ७५ लाख डॉलर मिळाले, जे भूभागाच्या मानाने तुटपुंजेच म्हणावे लागतील. हूना येथील १९१२ चा कारखाना आता पर्यटनस्थळ आहे आणि ते स्थानिक त्लिंगित महामंडळाच्याच मालकीचे आहे.