मेकॅनिकल सील वारंवार जातंय? आधी डिलिव्हरी व्हॉल्व्ह बघा

तुम्ही दिलेली माहिती: पुण्याजवळचा कारखाना, कूलिंग टॉवरचा पंप, १४५० आरपीएम, ४० एचपी मोटर, नेमप्लेटवर ताशी १८० घनमीटर आणि ३२ मीटर हेड (पंप पाणी जेवढं उंच चढवू शकतो ते). सील, म्हणजे शाफ्टभोवतीची गळती अडवणारा भाग, दर तीन महिन्यांनी गळतं. डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की मोटर जास्त अँपिअर घेते, म्हणून तो अर्धवट ठेवलाय. व्हॉल्व्हच्या आधी दाब ३.४ किलो (दर चौरस सेंटीमीटरला), पुढे २.४ किलो, सक्शनला, म्हणजे पाणी ओढण्याच्या बाजूला, पाऱ्याचा ३०० मिमी व्हॅक्यूम, प्रवाह ताशी ११० घनमीटर. सीलची कंपनी बदलावी का?

बदलू नका. पंप गरजेपेक्षा मोठा आहे. १८० च्या पंपातून ११० घेताय, म्हणजे जेमतेम ६१ टक्के. साधारण ७० ते १२० टक्क्यांच्या पट्ट्यात पंप शांत चालतो. त्याखाली इम्पेलरवर (पंपातल्या फिरत्या पंख्यावर) एका बाजूने जोर येतो, शाफ्ट किंचित वाकत फिरतो आणि त्याची किंमत सील व बेअरिंग मोजतात.

वीजही तिथेच जाते. व्हॉल्व्हमध्ये १ किलो, म्हणजे १० मीटर हेड जळतंय. ११० × १० ÷ ३६७ = ३ किलोवॅट (३६७ हा एककं जुळवणारा आकडा). या बिंदूवर पंपाची कार्यक्षमता ६५ आणि मोटरची ९१ टक्के धरली तर विजेच्या मीटरवर सुमारे ५ किलोवॅट. वर्षाला ७,९२० तास चालत असेल तर ४०,००० युनिट; ८ रुपये दराने ३.२ लाख. एवढे पैसे एका अर्ध्या बंद व्हॉल्व्हमध्ये!

उपाय दोन. पाण्याची गरज बारा महिने तीच असेल तर इम्पेलर ट्रिम करा, म्हणजे कापून त्याचा व्यास कमी करा. ऋतूप्रमाणे किंवा शिफ्टप्रमाणे बदलत असेल तर व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण). व्हॅक्यूमचे ४ मीटर धरून पंपाचं आताचं हेड ३८, आणि खरी गरज २८. इथे बरेच जण २८ भागिले ३८ चं वर्गमूळ काढून, समजा इम्पेलर ३४० मिमीचा असेल तर, तो थेट २९२ करतात. ते चुकतं, कारण व्यास कमी झाला की हेडबरोबर प्रवाहही घटतो. कर्व्हवर (कोणत्या प्रवाहाला किती हेड मिळतं त्या आलेखावर) बिंदू मांडला तर प्रमाण ०.८७ च्या आसपास येतं, म्हणजे साधारण २९६ मिमी. व्हीएफडीवर तोच हिशेब ५० ऐवजी ४३ ते ४४ हर्ट्झ. आधी ३०५ पर्यंतच कापा, चालवून बघा, मग उरलेलं. कापलेलं परत जोडता येत नाही. प्रत्येक कापणीनंतर बॅलन्सिंग करून घ्या, आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडून अँपिअर नेमप्लेटच्या आत आहेत ना ते तपासा.

जुनं सील फेकलं नसेल तर फेसेस (एकमेकांवर घासणारे दोन पृष्ठभाग, एक कार्बनचा आणि एक कडक) उजेडात तिरके धरून बघा. कार्बनच्या कडा तुटल्या असतील तर कंपन किंवा कॅव्हिटेशन (पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं). कडक फेसवर केसासारख्या उभ्या भेगा असतील तर सील कोरडं चाललं. घासल्याचा पट्टा कार्बनपेक्षा रुंद असेल तर शाफ्ट हलतोय. बेअरिंग आणि अलाइनमेंट बघा.

सक्शन: पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब साधारण ९.७ मीटर पाण्याइतका. त्यातून कोमट पाण्याच्या बाष्पदाबाचे ०.६ आणि व्हॅक्यूमचे ४ वजा केले की ५.१ मीटर उरतात. पंपाच्या कर्व्हवर लागणारा एनपीएसएच (कॅव्हिटेशन टाळायला सक्शनला हवा तेवढा दाब) यापेक्षा निदान १ मीटरने कमी हवा. व्हॅक्यूम ४०० मिमीकडे सरकला की गाळणी आणि फूटव्हॉल्व्ह साफ करा. पंपाच्या तोंडाशी रिड्युसर (पाइपचा व्यास कमी करणारा जोड) एक्सेंट्रिक, म्हणजे एक बाजू सपाट असलेला असावा, सपाट बाजू वर. नाहीतर हवेचा फुगा तिथेच अडकतो आणि पंप खडखडतो.

नवं सील बसवण्याआधी कपलिंगवर (मोटर-पंपाच्या जोडावर) डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं घड्याळ, लावून फ्लँजचे बोल्ट सैल करा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर पाइप पंपाला ओढतोय. आधी सपोर्ट नीट करा, अलाइनमेंट त्यानंतर. उलट क्रमाने केलं तर सगळी मेहनत वाया.

ग्रीस जास्त भरलं तरी बेअरिंग मरतात. बेअरिंगचा बाहेरचा व्यास × रुंदी (दोन्ही मिमीत) × ०.००५ एवढे ग्रॅम पुरे. ६३०९ नंबरच्या बेअरिंगला १२.५ ग्रॅम. तुमच्या गनच्या एका दाबात किती येतं ते एकदा वजनकाट्यावर मोजा.

स्टँडबाय पंप असेल तर आठवड्याला आलटूनपालटून चालवा. दोन्ही गेज, व्हॅक्यूम आणि तिन्ही फेजचे अँपिअर दर सोमवारी वहीत लिहा. पंपाच्या कर्व्हचा फोटो टाकलात तर ट्रिमचा नेमका आकडा काढून देतो.