कॉलेजच्या शहरात फ्लॅट घेण्याआधी ते शहर सुट्टीत बघून या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी दुसरीकडे, हातात थोडी शिल्लक आणि डोळ्यासमोर एक मध्यम आकाराचं, वाढतं कॉलेजचं शहर. तिथे फ्लॅट घेऊन विद्यार्थ्यांना भाड्यानं द्यावा का? एजंट म्हणतोय की दरवर्षी नवी बॅच येते, त्यामुळे भाडेकरूंची ददात नाही.

मी नेमकं हेच केलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. घ्यायला हरकत नाही. फक्त विद्यार्थ्यांच्या भरवशावर घेऊ नका. उद्या एकही विद्यार्थी आला नाही तरी जो भाड्यानं जाईल, तोच फ्लॅट घ्या.

माझा पहिला फ्लॅट कॉलेजच्या गेटपासून चालत दहा मिनिटांवर होता. तीन मुलं राहायला आली. भाडं वेळेवर द्यायची, वागायलाही चांगली होती. परीक्षा संपल्या आणि तिघं एकाच आठवड्यात किल्ल्या देऊन गेली. मी दार उघडून आत गेलो तेव्हा एका खोलीच्या भिंतीत मोजून तेवीस खिळ्यांची भोकं होती, पलंगाच्या पायांनी फरशीवर चार खोल ओरखडे उठले होते आणि बाथरूमच्या छताला बुरशी धरली होती, कारण वर्षभर खिडकी कोणी उघडलीच नव्हती. यात त्या मुलांचा दोष मी मानत नाही. जिथे नऊ-दहा महिने राहायचं, त्या घराची काळजी कुणी मालकासारखी घेत नाही. मला खरा फटका दुसरीकडे बसला. त्याच आठवड्यात आजूबाजूचे सगळे फ्लॅट रिकामे झाले होते आणि पुढच्या ॲडमिशन होईपर्यंत विचारायलाही कोणी येणार नव्हतं. एरवीच्या शहरात भाडेकरू गेला तर महिनाभरात दुसरा मिळतो. इथे गाडी चुकली की पुढची गाडी वर्षानंतर.

हा फरक आकड्यांत बघा. फ्लॅटची किंमत 100 धरा. विद्यार्थ्यांकडून महिन्याला 0.5 भाडं मिळतं, म्हणजे वर्षाला 6. एजंट तुम्हाला हाच 6 टक्क्यांचा आकडा दाखवेल. सुट्टीचे दोन महिने रिकामे गेले की राहिले 5. दरवर्षी नवे भाडेकरू, म्हणून एजंटला दरवर्षी एका महिन्याचं भाडं, राहिले 4.5. रंग आणि किरकोळ दुरुस्ती 0.4. मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि विमा मिळून 0.8. हातात उरले 3.3.

आता तोच फ्लॅट एखाद्या कुटुंबाला 0.45 नं द्या, म्हणजे दहा टक्के कमी भाड्यानं, आणि ते तीन वर्षं राहतील असं धरा. वर्षाला 5.4. रिकामा महिना आणि एजंट हे दोन्ही तीन वर्षांतून एकदाच, म्हणजे वर्षाला सरासरी 0.3. रंगकाम-दुरुस्ती 0.2. मेंटेनन्स वगैरे तेच 0.8. उरले 4.1. भाडं कमी घेऊनही हातात जास्त येतं. माझे आकडे जसेच्या तसे घेऊ नका, तुमच्या शहराचे घाला. पण हिशेब याच क्रमानं करा आणि एजंटसमोर बसून करा.

खाटेप्रमाणे भाडं घेतलं तर एकूण रक्कम वाढते, हे खरं आहे. मात्र मग प्रत्येक मुलाचा करार वेगळा, प्रत्येकाचं डिपॉझिट वेगळं, आणि एक मधेच सोडून गेला तर त्याची खाट तुमच्या गळ्यात. सगळ्यांचा एकच करार करून पूर्ण भाड्याची जबाबदारी प्रत्येकावर ठेवली आणि पालकांची हमी घेतली, तर हा त्रास बराच कमी होतो. शिवाय एका घरात नात्यात नसलेली किती माणसं राहू शकतात, यावर बऱ्याच शहरांत मर्यादा असते किंवा त्यासाठी परवाना लागतो. तो नियम खरेदीच्या आधी वाचा.

‘दरवर्षी नवी बॅच येते’ या वाक्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण लोक तिथेच फसतात. बॅच येते ती अठरा वर्षांपूर्वी जन्मलेल्या मुलांची, आणि त्या वर्षी किती मुलं जन्मली हा आकडा केव्हाच ठरून गेलेला असतो. जपानमध्ये अठरा वर्षांच्या मुलांची संख्या 1992 मध्ये साधारण साडेवीस लाख होती, आता ती अकरा लाखांच्या आसपास आली आहे आणि लहान शहरांतल्या कित्येक खासगी विद्यापीठांना जागा भरता येत नाहीत. अमेरिकेत 2007 साली सुमारे 43 लाख बाळं जन्मली, नंतर मंदी आली आणि जन्म घटत गेले. ती 2007 ची मुलं 2025 मध्ये अठरा वर्षांची झाली, म्हणजे पुढच्या बॅचेस लहान होत जाणार. अशा वेळी नामांकित संस्था टिकतात आणि झळ बसते ती दुसऱ्या-तिसऱ्या फळीतल्या कॉलेजांना. मध्यम आकाराच्या शहरात बहुधा तीच असतात. तुमच्या भागात काय चित्र आहे ते आधी बघा. प्राथमिक शाळांच्या वर्गांत मुलं कमी होताना दिसत असतील, तर दहा-बारा वर्षांनी तुमचा भाडेकरू कमी होणार आहे.

दुसरी गोष्ट होस्टेलची. मी फ्लॅट घेतला तेव्हा कॉलेजचं होस्टेल जुनं आणि अपुरं होतं. तिसऱ्या वर्षी कॅम्पसच्या मागच्या रिकाम्या जागेवर नवी इमारत उभी राहिली आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना तिथेच राहण्याची सक्ती झाली. माझं भाडं एका झटक्यात उतरलं. ती जागा होस्टेलसाठी राखीव असल्याचं शहराच्या विकास आराखड्यात स्पष्ट होतं. मी तो उघडूनच बघितला नव्हता. 2020 मध्ये जगभरातले वर्ग ऑनलाइन गेले तेव्हा तर कॉलेजच्या गावांतल्या खोल्या महिनोन्‌महिने कुलूपबंद राहिल्या.

‘वाढतं शहर’ या शब्दांवरही विसंबू नका. माणसं वाढली म्हणजे किंमत वाढेलच असं नाही. शहराच्या एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला नदी किंवा समुद्र असेल तर जागा अडते आणि भाव चढतो. चारही बाजूंना मोकळी सपाट जमीन असेल तर बिल्डर बांधतच राहतात आणि नव्या इमारती तुमच्या जुन्या फ्लॅटचं भाडं वाढू देत नाहीत. टेक्सासमधलं ऑस्टिन हे मोठ्या विद्यापीठाचं, भराभर वाढणारं शहर. तिथे 2021 च्या सुमारास भाडी भडकली, मग इतके अपार्टमेंट बांधले गेले की लोकसंख्या वाढत असतानाच 2023 पासून भाडी खाली आली. तुमच्या शहरात फिरताना क्रेन किती दिसतात ते मोजा.

मग कुठे घ्यायचा? कॉलेजचं शहर केवळ मुलांवर चालत नाही. प्राध्यापक असतात, ऑफिसातले लोक असतात आणि मेडिकल कॉलेज असेल तर त्याला जोडलेलं हॉस्पिटल असतं. हॉस्पिटलला सुट्टी नसते. नर्स, तंत्रज्ञ, शिकाऊ डॉक्टर बारा महिने तिथे असतात आणि रात्रपाळी करून येणाऱ्या माणसाला चालत पोहोचण्याजोगं, शांत घर हवं असतं. माझा दुसरा फ्लॅट गेटपासून लांब आहे, पण हॉस्पिटल आणि शाळा यांच्या मधोमध. त्यात एक नर्स आणि तिची आई सहा वर्षं राहतायत. भाडं गेटजवळच्यापेक्षा कमी आहे आणि या सहा वर्षांत तो एक दिवसही रिकामा राहिलेला नाही. गरज पडली तर तोच फ्लॅट दोन विद्यार्थिनींनाही देता येईल. असे दोन प्रकारचे भाडेकरू ज्याला चालतील तो फ्लॅट शोधा.

बघायला जाल तेव्हा ॲडमिशनच्या गर्दीत जाऊ नका, तेव्हा सगळंच भरलेलं दिसतं. परीक्षा संपल्यावर दोन आठवड्यांनी, रात्री नऊ वाजता त्या गल्लीत उभे राहा आणि समोरच्या इमारतीत दिवा लागलेल्या खिडक्या मोजा. सकाळी पुन्हा जा आणि किती गॅलऱ्यांत कपडे वाळत घातलेत ते बघा. इमारतीच्या प्लंबरशी दोन शब्द बोला, पाणी कुठे गळतं आणि कोणता फ्लॅट कितीदा रिकामा होतो हे त्याला मालकापेक्षा जास्त ठाऊक असतं. मालकी हक्काची कागदपत्रं, बांधकामाचे परवाने आणि जागेवरचा बोजा स्वतःच्या वकिलाकडून तपासा, एजंटनं सुचवलेल्या वकिलाकडून नको.

कर्जाचं एवढंच सांगतो. 20 तुमचे आणि 80 कर्ज 7 टक्क्यांनी घेतलं, तर पहिल्या वर्षाचं व्याज 5.6 होतं. वरच्या हिशेबात विद्यार्थ्यांकडून 3.3 येत होते. म्हणजे मुद्दल बाजूला ठेवूनही वर्षाला 2.3 खिशातून जातात आणि किंमत तेवढी वाढली तर तुम्ही जेमतेम बरोबरीत येता. विकताना खरेदीवरचे कर, नोंदणी आणि दलाली हेही वसूल व्हायला हवं, त्यामुळे सात-आठ वर्षांच्या आत पैसे लागणार असतील तर हा व्यवहार करू नका. सहा महिन्यांचे हप्ते वेगळे ठेवता येत नसतील तर थोडं थांबा, तोवर अजून एक सुट्टी तिथे जाऊन खिडक्या मोजून होतील.

तुमच्या फ्लॅटची किंमत, भाडं, मेंटेनन्स आणि व्याजदर लिहून कळवलंत तर मी याच पद्धतीनं हिशेब मांडून देईन.