मॉस आणि हेजहॉग एकाच तक्त्यात

प्रश्न : अकरावीच्या प्रकल्पासाठी मुलगी मॉस आणि हेजहॉग यांचे वर्गीकरण व संवर्धन-स्थिती यांचा तौलनिक तक्ता करते आहे. हेजहॉग (काटेरी छोटा सस्तन प्राणी) एकीकडे ‘नियर थ्रेटन्ड’ (धोक्याच्या उंबरठ्यावर) दिसतो, दुसरीकडे ‘व्हल्नरेबल’ (असुरक्षित). मॉसचे तर काहीच सापडत नाही. काय लिहावे?

उत्तर : आधी जाती नक्की करा. मॉस म्हणजे सुमारे 12,000 जातींचा गट, आणि धोक्याची श्रेणी जातीला देतात. पाठ्यपुस्तकातली फ्युनारिया हायग्रोमेट्रिका घ्या. समोर युरोपीय हेजहॉग, एरिनेशियस युरोपियस.

फ्युनारिया : वनस्पती सृष्टी, विभाग ब्रायोफायटा, वर्ग ब्रायोप्सिडा, गण फ्युनारिएल्स, कुल फ्युनारिएसी. हेजहॉग : प्राणी सृष्टी, संघ कॉर्डाटा, वर्ग मॅमॅलिया, कुल एरिनेसिडी. गणापाशी सांभाळा. जुन्या पुस्तकांतला ‘इन्सेक्टिव्होरा’ आता मोडीत निघाला आहे, ‘युलिपोटिफ्ला’ लिहा. काटे पाहून साळिंदराशेजारी तर मुळीच बसवू नका; साळिंदर कृंतक, म्हणजे उंदीर-खारींच्या गणातले. दोघांचेही काटे म्हणजे ताठर झालेले केसच, पण ते वेगवेगळे उत्क्रांत झाले. मॉस आणि हेजहॉग यांच्यात सामाईक रकाना एकच भरेल : दोघेही दृश्यकेंद्रकी, म्हणजे पेशीत स्पष्ट केंद्रक असलेले.

श्रेणींचा घोळ यादीच्या व्याप्तीमुळे होतो. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या जागतिक यादीत ऑक्टोबर 2024 मध्ये हा हेजहॉग ‘लीस्ट कन्सर्न’ (सर्वांत कमी चिंतेची श्रेणी) वरून ‘नियर थ्रेटन्ड’ झाला. ब्रिटनच्या 2020 च्या सस्तन प्राण्यांच्या यादीत मात्र तो ‘व्हल्नरेबल’ आहे, कारण तिथे फक्त ब्रिटनमधली घट मोजतात. म्हणून श्रेणीपुढे व्याप्ती आणि वर्ष लिहाच. न्यूझीलंडमध्ये तर हाच प्राणी बाहेरून आणलेला, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी खाणारा. तिथे त्याला सापळे लावून मारतात!

फ्युनारिया 2019 च्या युरोपीय यादीत ‘लीस्ट कन्सर्न’ आहे. जळलेल्या, उघड्या पडलेल्या जमिनीवरही ती झपाट्याने पसरते, त्यामुळे यात नवल नाही. पण ही श्रेणी युरोपपुरती. जागतिक म्हणून खपवू नका. सस्तन प्राणी बहुतेक सगळे तपासून झालेत, मॉसच्या मोजक्याच जाती. एखाद्या मॉसची नोंद मिळाली नाही, तर ‘मूल्यमापन झालेले नाही’ असे लिहा. तिथे ‘धोका नाही’ लिहिले की गुण गेले.

चित्रही तपासून लावा. राजस्थान-गुजरातेतला हेजहॉग पॅराएकिनस मायक्रोपस, प्रजातीच (जीनस) वेगळी, आणि तो जागतिक यादीत ‘लीस्ट कन्सर्न’ आहे.