चित्रकलेची ओढ आहे आणि गणितही जमते. मुख्य विषय निवडताना रोजच्या छोट्या आनंदांचे काय करावे?

आपण महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात आहात, पुढील वर्षासाठी संख्याशास्त्र किंवा उपयोजित कला यांपैकी एक मुख्य विषय ठरवायचा आहे, आणि वहीच्या समासात चित्रे काढणे, संध्याकाळी भटकणे, झोपण्यापूर्वी कादंबरीची चार पाने वाचणे या गोष्टी अभ्यासाच्या वेळेची चोरी वाटतात, असे आपण लिहिले आहे. कोणता विषय घ्यावा आणि यांतले काय सोडावे, असा आपला प्रश्न आहे. हे दोन प्रश्न आपण एकमेकांना बांधून टाकले आहेत. त्या वयात मीही तेच केले होते, म्हणून आधी ती गाठ सोडवते.

मलाही आकडेमोड बरी जमत असे आणि चित्रे काढल्याशिवाय दिवस जात नसे. ज्यात आनंद आहे तेच शिकावे, असा सरळ हिशेब करून मी उपयोजित कला घेतली. पहिल्या वर्षी काम भरपूर केले, गुणही चांगले मिळाले, पण सहा महिन्यांनी लक्षात आले की माझी खासगी वही कित्येक आठवडे उघडलेलीच नाही. पेन्सिल हातात घेतली की हे कोणाला दाखवायचे, यात रचना सांभाळली आहे का, असे प्रश्न आधी येत आणि रेघ मागाहून. ही उदासी जायला दोन वर्षे लागली. विषय चुकला असे मी आजही म्हणणार नाही, कारण सध्या मी आकडेवारीचे आलेख आणि आकृत्या रेखाटण्याचे काम करते आणि त्यात दोन्हीकडचे शिक्षण उपयोगी पडते. (हा योग ठरवून जुळलेला नाही, त्यामुळे त्याचे श्रेय मी घेत नाही.) चूक झाली ती एवढीच, की आनंद अभ्यासक्रमात नेला म्हणजे तो तिथेही तसाच राहील, असे मी गृहीत धरले.

याचे एक कारण मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळाले. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये चित्रे काढण्याची आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांना चित्र काढल्यास सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल असे आधीच सांगितले, काहींना ते चित्र झाल्यावर अचानक दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिले तेव्हा, बक्षिसाच्या बोलीवर चित्रे काढलेली मुले इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांकडे वळत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नव्हती. लहान मुलांवरून विद्यार्थ्यांबद्दल फार मोठा निष्कर्ष काढू नये हे मला मान्य आहे, परंतु गुण, मुदत आणि परीक्षकाची नजर यांच्या बोलीवर वर्षभर चित्रे काढल्यावर माझ्या हाताचे जे झाले, त्याच्याशी हा प्रयोग अस्वस्थ करण्याइतका जुळतो.

म्हणून विषय निवडताना ‘मला काय आवडते’ यापेक्षा ‘यातले कंटाळवाणे काम मला सोसवते का’ हे तपासावे, असे माझे मत आहे. संख्याशास्त्राचा पुष्कळ वेळ सुंदर सिद्धांतांत जात नाही. अर्धवट भरलेली माहिती साफ करणे, एकाच गोष्टीची तीन तऱ्हेने झालेली नोंद शोधून ती एकसारखी करणे, शेवटच्या पायरीवर चुकलेली सिद्धता पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिणे, हे त्याचे रोजचे रूप आहे. उपयोजित कलेतही मनासारखी चित्रे थोडी आणि दुसऱ्याच्या मनासारखी पुष्कळ असतात. अक्षरांमधले अंतर केसाएवढे इकडेतिकडे करणे, पसंत न पडलेल्या मांडणीची आठवी आवृत्ती करणे आणि त्यातली स्वतःला आवडलेली तिसरी आवृत्ती निमूटपणे बाजूला ठेवणे, हे तिथे करावेच लागते. दोन्ही विभागांतील शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना भेटून त्यांचे उत्तम काम पाहण्याऐवजी गेल्या आठवड्यात त्यांनी काय काय फेकून दिले ते विचारावे. मागील वर्षीचे एकेक गृहकार्य मागून घ्यावे आणि ते सुटीच्या दिवशी, कोणी तपासणार नाही हे ठाऊक असताना, शेवटपर्यंत करून पाहावे. ज्या कामात वैताग येऊनही आपण पुन्हा खुर्चीत बसतो, त्या विषयाची बाजू माझ्या लेखी जड आहे. विभागाचे नाव, वर्गाचे वातावरण किंवा एखाद्या आवडत्या शिक्षकाचे तास यांवरून मी ठरवणार नाही. शिक्षक बदलतात.

संख्याशास्त्र घेतले तर आतला चित्रकार मरेल, ही भीती आपल्या पत्रात दोनदा आली आहे. स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांना लहानपणी चित्रकार व्हायचे होते, पण वडिलांना त्यांना वैद्य करायचे होते. शरीररचना शिकवण्यासाठी वडिलांनी त्यांना दफनभूमीत सापडलेली हाडे दाखवली, ती रेखाटता रेखाटता मुलगा त्या शास्त्रात रमला आणि पुढे त्याने सूक्ष्मदर्शकातून पाहून काढलेली चेतापेशींची चित्रे मेंदूच्या अभ्यासाचा पाया ठरली. 1906 चे नोबेल पारितोषिक त्यांना कामिल्लो गोल्जी यांच्यासह विभागून मिळाले. डॉ. श्रीराम लागू कान, नाक आणि घशाचे शल्यविशारद होते आणि चाळिशी ओलांडल्यावर, 1969 मध्ये, पूर्णवेळ अभिनयाकडे वळले. मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. अलेक्झांडर बोरोदिन हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि मोठे संगीतकार; 1869 मध्ये हाती घेतलेली त्यांची संगीतिका 1887 मध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हा अपुरीच होती आणि ती इतरांनी पूर्ण केली. दोन गोष्टी सांभाळता येतात, पण त्यांतली एक बहुधा रेंगाळते. ती कोणती असेल तर आपल्याला चालेल, याचा विचार आताच करून ठेवावा.

आता त्या चोरट्या वाटणाऱ्या आनंदांकडे येते. समासातल्या रेघोट्यांबद्दल आपण अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. जॅकी अँड्रेड यांच्या 2009 मधील प्रयोगात चाळीस जणांनी एक कंटाळवाणा ध्वनिमुद्रित निरोप ऐकला; ऐकताना आकृत्या रंगवत बसलेल्यांना इतरांपेक्षा 29 टक्के अधिक तपशील आठवला. ते नुसते ठरावीक आकार भरत होते, चेहऱ्यावरची छाया साधत नव्हते, हा फरक मात्र लक्षात घ्यावा. तासाला बसून व्यक्तिचित्र काढाल तर तास हातचा जाईल. चालण्याबद्दल मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांचे 2014 मधील प्रयोगही असेच दुपदरी आहेत. चालताना लोकांना एखाद्या वस्तूचे नवनवे उपयोग अधिक सुचले, पण एकच अचूक उत्तर शोधण्याच्या कामात चालण्याने मदत झाली नाही, उलट थोडा तोटाच झाला. प्रकल्पाची कल्पना अडली असेल तर फिरायला जाणे ठीक आहे. सिद्धतेतली चूक बसूनच शोधावी लागेल.

हे प्रयोग मी सांगितले खरे, पण त्यांच्या आधारावर संध्याकाळचे भटकणे समर्थनीय ठरवू नका, अशी माझी विनंती आहे. उपयोगासाठी चालू लागलात की थोड्याच दिवसांत पावले मोजाल, सुचलेल्या कल्पना मोजाल आणि फिरणे हाही एक गृहपाठ होईल. निदान एक आनंद असा ठेवा की ज्याचे गुण नाहीत, ज्याचा संग्रह कोठे दाखवायचा नाही आणि ज्यात प्रगती झाली पाहिजे अशी अटही नाही. उपयोजित कला घेतलीत, तर हा नियम अधिकच कडकपणे पाळा: अभ्यासाची वही वेगळी, स्वतःची वेगळी, आणि दुसरीतले पान पहिलीत कधीही चिकटवायचे नाही, मग ते कितीही चांगले उतरलेले असो. मी ते चिकटवत असे.

काय सोडावे हे विचारलेच आहे, तर माझ्या मते आठवडाभर एवढेच पाहा की कोणत्या गोष्टीनंतर आपण तिच्यात काय केले ते सांगू शकता. फिरताना काय दिसले, कादंबरीत पुढे काय घडले, हे आपल्याला सांगता येईल. फोनवर बोट सरकवत गेलेल्या पाऊण तासाचे बहुधा सांगता येणार नाही. कात्री तिथे लावावी. परीक्षेच्या महिन्यात फिरणे निम्म्यावर आणायला हरकत नाही, पण झोपेतून वेळ काढू नये, कारण दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे काम झोपेतच चालू असते. कादंबरीची चार पाने तशीच राहू द्यावीत. फक्त प्रकरण रंगात आले तरी पाचव्या पानावर दिवा बंद करण्याचे धैर्य ठेवावे, जे मला अजून साधलेले नाही.