पुण्यात आपल्या गल्लीतलं काम महापालिकेच्या बजेटमध्ये थेट सुचवता येतं का?

हो, येतं, आणि त्यासाठी नगरसेवकाच्या ओळखीची गरज नाही. पुणे महापालिकेत २००६ पासून सहभागी अंदाजपत्रक चालू आहे, साधारण पावसाळ्याच्या शेवटी शेवटी पुढच्या वर्षासाठी फॉर्म मागवतात, तो वेबसाइटवर नाहीतर आपल्या क्षेत्रीय कार्यालयात भरायचा. मी सोसायटीतल्या लोकांना हे फॉर्म भरून देतो म्हणून सांगतो, लोक "रस्ता नीट करा" एवढंच लिहून मोकळे होतात आणि मग इंजिनियरला कळतच नाही नक्की कुठं काय करायचंय. त्यापेक्षा "अमुक शाळेच्या गेटपासून चौकापर्यंत डाव्या बाजूचा फुटपाथ उखडलाय, मधे दोन चेंबरची झाकणं वर आलीत" असं लिहा, फोटो काढून ठेवा. फुटपाथ, दिवे, बसस्टॉप, बाकडी, पब्लिक टॉयलेट असली छोटी कामंच यात बसतात, एका कामाला मर्यादा ५ लाखांची आहे, त्यामुळे अख्ख्या रस्त्याचं काँक्रीट वगैरे मागू नका. आणि जागा महापालिकेचीच पाहिजे, सोसायटीच्या आतले पेव्हर ब्लॉक यातून होत नाहीत (दरवर्षी कुणीतरी टाकतंच ते!). फक्त एक, फॉर्म भरला म्हणजे काम मंजूर असं अजिबात नाही, आधी अधिकारी होण्यासारखं आहे का ते बघतात, मग प्रभागाच्या पैशात बसवतात, तेव्हा फॉर्मची पोच जपून ठेवा आणि बजेट आलं की यादीत आपलं काम आहे का ते स्वतः शोधा.